टिटवीच्या घरट्याजवळच्या काड्या

कलकत्त्यात मला पहिली नोकरी मिळाली ती एका गोल्फ क्लबाच्या कचेरीत. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील गावच्या इनामदाराकडे औत हाकत. नोकरी लावून दिली ती केंद्र सरकारच्या खात्यात बदलून आलेल्या एका मराठी साहेबांनी. ते क्लबाचे सभासद होते. रविवारी मी त्यांच्याकडेच जेवायला असे.

साहेब गोल्फ बेताचंच खेळत. गळ्यात दुर्बीण असे. "फाळणीनंतर या शहरात इंच इंच जागा भरत चाललीय," ते म्हणत. "एवढं गवत, एवढं पाणी पाखरांना दुसरीकडे कुठं उरलंय, सांग पाहू, पदवीधर." तळ्यात कमळपक्षी आणि अडई बदकं, काठच्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या, मोकळ्या गवतात टिटव्या.

टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. एक म्हातारा उडिया माळी ती हुडकून काढी आणि शेजारी बांबूच्या दोन काड्या खोची. गवत कापायचं यंत्र बैल ओढत. हाकणारा काड्या पाहून वळसा घाली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

चैत्रात सामने होते. महिन्याभरात माझी नोकरी कायम व्हायची होती. सकाळी मैदान पाहताना मला त्या काड्या दिसल्या. मी माळ्याला म्हटलं, "ये सब कचरा निकालो."

"बाबू, उधर चिड़िया का—"

"निकालो बोला ना."

त्याने काड्या उपटल्या. मी त्याला तिथूनच क्लबघरामागच्या कुंड्यांकडे धाडलं. दुपारी बैल आले.

संध्याकाळी साहेबांनी मला आणि माळ्याला मैदानात बोलावलं. गवतात टरफलं चिरडली होती. टिटव्यांची जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. "काड्या कुणी काढल्या रे?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"माळ्यांनीच काढल्या असतील, साहेब. हल्ली लक्ष नसतं त्यांचं," मी मराठीत म्हणालो. माळी हातभर अंतरावर उभा होता. त्याला त्यातलं काही कळणार नव्हतं, म्हणूनच मला ते बोलता आलं. साहेब त्याच्यावर हिंदीत संतापले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गलती हो गया, हुजूर."

त्याला मैदानावरून काढून कायमचं कुंड्यांवर घातलं. माझी नोकरी कायम झाली.

औत हाकताना टिटवीची अंडी दिसली की वडील तेवढा तुकडा न नांगरता सोडत. अंडी कुठं आहेत ते लक्षात राहावं म्हणून शेजारी तुरीची वाळकी काडी, तुरखाटी, रोवत. लहानपणी ती मीच आणून देत असे. त्या सकाळी मला ते आठवलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो.

पुढच्या फाल्गुनात मी स्वतः काड्या घेऊन दोन दिवस मैदान पालथं घातलं. टिटव्या ओरडत होत्या, पण एकही घरटं सापडलं नाही. रविवारी जेवताना साहेबांनी विचारलं, "यंदा किती घरटी, पदवीधर?" मी घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला तू मराठीत सांगितलंस. त्याला सांगितलंस का?" त्याला मैदानावर परत घेण्याविषयी ते दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरीशी बोलले. त्यानंतर त्यांनी मला कधी पदवीधर म्हटलं नाही.

सोमवारी मी कुंड्यांपाशी गेलो. मोडक्यातोडक्या हिंदीत त्या दिवशी काय बोललो होतो ते सांगितलं आणि माफी मागितली. तो झारीने पाणी घालत राहिला.

"मालूम था, बाबू," तो म्हणाला. "लकड़ी लाया?"

मी काड्या पुढे केल्या. तो मैदानाकडे निघाला, मी मागून. तळ्याच्या अलीकडे, मी दोन दिवस जिथून येत-जात होतो तिथंच, त्याने हात आडवा धरून मला थांबवलं.

"पाँव देखके."

चार अंडी होती, माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. त्याने एक काडी खोचली आणि दुसरी माझ्या हातात दिली.