सोबतीला एकच माणूस

माझी बायको शहर बस चालवते. मध्ये सांधा असलेली, वळणावर अंग मोडत जाणारी लांबलचक बस. आम्ही या देशात आलो तेव्हा तिला इथल्या भाषेत धड पाणी मागता येत नव्हतं. आता ती मागच्या सीटवर पाय पसरून बसलेल्या टग्यांना त्यांच्याच भाषेत असं काही सुनावते की ते मुकाट्याने पाय खाली घेतात. माझं किल्ल्या करून देण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खिडकी, एक यंत्र आणि मी. मी तापट आहे, चिडका आहे, सगळं मान्य. पण जळकेपणात मी माझ्या बायकोच्या पासंगालाही पुरणार नाही. गेल्या वर्षी एका परक्या पोरीच्या बाळंतपणावरून तिचा जो जळफळाट झाला तो मी रोज जवळून पाहिला. तिला हवं होतं ते एकच. ते बाळ जन्माला येईल तेव्हा त्या खोलीत तिला असायचं होतं.

त्या पोरीला आम्ही आपसांत 'वरची' म्हणतो, कारण ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. नवरा बोगद्याच्या कामावर. पंधरा-पंधरा दिवस तो तिकडेच असतो, मग दोन-चार दिवस घरी येतो आणि त्यातला निम्मा वेळ झोपतो. वरची एक दिवस हॉस्पिटलचं पत्र वाचून घ्यायला खाली आली. भाषा तिला येत होती ती 'नमस्कार', 'किती झाले' आणि 'माफ करा' इतकीच. हिने पत्र वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"अगं, तिसरा महिना लागलाय आणि तू हे असलं ओझं वागवत जिने चढतेस? ती पिशवी ठेव आधी खाली."

झालं. त्या दिवसापासून ते बाळ आमच्या हिच्या ताब्यात गेलं. तपासणीला ही बरोबर, रक्त द्यायला ही बरोबर. डॉक्टर बोलणार, ही मराठीत सांगणार, वरची मान हलवणार. वरची आम्हाला मावशी-काका म्हणू लागली. संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत श्वास घ्यायचा सराव चाले. दोघी जमिनीवर बसून फूं फूं करायच्या आणि मला उशी आणून द्यायची असे. मला ताप आला तर ही म्हणते, "गोळी घ्या आणि पडा." वरचीला नुसता ढेकर आला तरी ही दोन-दोन पायऱ्या गाळत वर जायची. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "तुमच्या पोटात का दुखतंय? तुमच्या पोटात काय बाळ आहे?"

दुखत होतंच. पण तिला एवढं कशाचं वेड लागलं होतं तेही मला कळत होतं. आमचा मुलगा तिसऱ्याच देशात असतो. त्याला दोन मुलं. दोन्ही बाळंतपणांना सुनेची आई गेली. पहिल्या वेळी तो म्हणाला, "आई, घर लहान आहे गं." दुसऱ्या वेळी घर मोठं होतं, तेव्हा काहीच म्हणाला नाही, फोटो पाठवला.

सातव्या महिन्यात हॉस्पिटलने एक कागद दिला. बाळंतपण कसं व्हावं असं तुम्हाला वाटतं, ते लिहा म्हणे. वरचीला हे फारच चमत्कारिक वाटलं. "मावशी, हे मला का विचारतात? डॉक्टरांना माहीत नाही का?" दोघी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. पाठीतलं इंजेक्शन हवं का, खोलीत उजेड कमी करायचा का, नाळ कोण कापणार. शेवटी विचारलं होतं, सोबतीला कोण? सोबतीला एकच माणूस चालेल. नवऱ्याची रजा बघून कळा येणार नव्हत्या. आईचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता.

"मावशी, तुम्हीच या," वरची म्हणाली.

हिने पेनाचं टोपण काढलं आणि स्वतःचं नाव असं दाबून लिहिलं की कागदाखालच्या टेबलक्लॉथवरही उमटलं.

आणि मग नववा महिना लागता लागता वरचीच्या आईला व्हिसा मिळाला.

याआधी दोन्ही वेळा नकार आला तेव्हा ही मनापासून हळहळली होती. "बिचारीला काय वाटत असेल," असंही म्हणाली होती, आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाक करताना गुणगुणत होती. आता वरची धापा टाकत खाली आली, "मावशी, आई येतेय!"

"अगंबाई, हो? छान झालं हो," ही म्हणाली. दार लावलं आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

त्या बाई आल्या. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. मऊ आवाज, हलकं पाऊल, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या हिने पहिल्या दिवसापासून त्यांना पाण्यात पाहिलं. आठवडाभर ती त्यांच्यातली खोड शोधत होती आणि खोड सापडत नव्हती, यानेच ती जास्त चिडली. त्यांनी बाळासाठी दुपटी शिवून आणली होती. हिने ती हातात घेऊन उलटी-सुलटी करून पाहिली. एक टाका चुकला नव्हता. घरी येऊन म्हणाली, "एवढं ओझं विमानातून आणायचं कशाला? इथे दुकानात मिळतात की." शेवटी एकदाची खोड सापडली.

"वयाने माझ्याहून मोठ्या आणि मला ताई म्हणतात. मुद्दाम."

"अगं, मानाने म्हणतात."

"मला नकोय त्यांचा मान."

मग एका रविवारी वरची एकटीच खाली आली. चहा पुढ्यात ठेवून बसून राहिली. ही आपली विचारत होती, पाय सुजलेत का, बाळ हलतंय ना. कप बाजूला सारून वरची म्हणाली, "मावशी, हॉस्पिटलला एक फोन करायचा होता."

"मग करू की. काय सांगायचंय?"

"ते... सोबतीचं नाव बदलायचं होतं. आई इतक्या लांबून आलीय. ती बाहेर बसली तर तिला..." मग खाली बघूनच म्हणाली, "आणि फोनवर मला बोलता येत नाही."

मी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. म्हणजे आमच्या हिने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव खोडायचं होतं. दुसरं कोणी नव्हतंच ते करायला.

हिने फोन लावला. भाषा मलाही कळते. "सोबतीच्या माणसाचं नाव बदलायचं आहे," ती म्हणाली. काढायचं नाव म्हणून स्वतःचं नाव एकेक अक्षर सांगितलं. घालायचं नाव म्हणून त्या बाईंचं, तेही एकेक अक्षर. पलीकडच्या बाईने काहीतरी कारण विचारलं. मला वाटलं, आता ही एखादी लोणकढी थाप मारणार. बदल करता येत नाही म्हणतात, मुदत संपली म्हणतात, एवढं मराठीत सांगितलं असतं तरी वरचीने मान हलवली असती.

"तिला तिची आई हवी आहे," ही म्हणाली, आणि फोन ठेवला. "झालं गं."

"रागावलात का मावशी?"

"मी कशाला रागावू? आईचा हक्कच आहे तो."

वरची जिना चढून गेल्याची खात्री झाली आणि हिच्या अंगाचा तिळपापड झाला. "सहा महिने मी हिंडवली तिला! त्या बाईंनी काय केलं? विमानात बसल्या!"

"आई आहे ती."

"मग मी कोण आहे? मीही कुणाची तरी आईच आहे ना?"

मी तिच्यासाठी चहा टाकला. तिने तो प्यायला नाही.

पुढची पंचाईत हॉस्पिटलचीच होती. खोलीत जाणार आई, आणि आईला भाषेचा गंध नाही. हॉस्पिटलकडे फोनवरून बोलणारे दुभाषे होते, पण मराठीचा नव्हता. तेव्हा नर्सनेच तोड काढली. फोन चालू करून उशीजवळ ठेवा आणि तुमच्या त्या शेजारच्या बाईंना पलीकडून बोलू द्या.

कळा भर दुपारी सुरू झाल्या. हिने ड्यूटी बदलून घेतली, गाडी काढली, दोघींना हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि सरळ घरी परत आली. तिथे बाहेर बाकावर बसायची सोय होती. "दाराबाहेर बसायला मी काय चपला सांभाळणारी आहे?" म्हणाली. मी दुकान बंद करून आलो होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून आम्ही दोघं बसलो.

नर्स बोलायची, ही मराठीत सांगायची. वरची काहीतरी विचारायची, ही नर्सला सांगायची. एक शब्द तिने इकडचा तिकडे केला नाही. "आता जोर नको लावूस, नुसता श्वास सोड. हां. पुढची कळ आली की हनुवटी छातीला टेकव." वरची ओरडली की हिची बोटं टेबलाच्या कडेवर आवळत. मध्येच त्या बाईंचा मऊ आवाज यायचा, "बाळा, माझं सोनं गं, झालं हं, झालं." ही एकदम खेकसली, "मध्ये बोलू नका हो! मला नर्सचं ऐकू येत नाहीये!"

"हो हो, ताई, चुकलं," पलीकडून आलं. हिचं तोंड आणखीच पडलं.

संध्याकाळ होत आली तेव्हा नर्सचा आवाज चढला, हिचा चढला, आणि मग बाळ रडलं. नर्सने काय झालं ते सांगितलं. ही खुर्चीवरून उठून ओरडली, "मुलगी झाली गं! मुलगी!"

तिकडे वरची रडत होती, त्या बाई रडता रडता हसत होत्या, बाळ मधून मधून किंचाळत होतं. "नाक बघ गं, तुझ्या बाबांचं," त्या म्हणाल्या. फोन कोणाच्या लक्षातच राहिला नव्हता, आणि कोणी तो बंदही केला नव्हता. आमची ही टेबलावर ओणवी होऊन कान लावून उभी होती.

"ठेव आता," मी म्हटलं.

"काही विचारायचं असलं तर?"

कोणी काही विचारलं नाही. तिकडे नर्स निघून गेली, त्या बाई लेकीचे केस सारखे करत काहीबाही बोलत राहिल्या, आणि इकडे ही ते सगळं ऐकत राहिली, फोनची बॅटरी संपेपर्यंत.

वरचीच्या नवऱ्याला पुढच्या आठवड्यात रजा मिळाली, आणि जन्माची नोंद करायला आम्ही सगळे गेलो. गाडी माझी, कागदांची पिशवी हिची. बाळ जन्मलं इथे, पण पासपोर्ट काढायचा तिकडचा, आणि तो काढायला आधी दाखला हवा इथला. हॉस्पिटलची चिठ्ठी, दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, त्याचं शिक्का मारलेलं भाषांतर. कचेरीत काचेमागे सर्दी झालेली एक कारकून बाई होती. तिने बाळाचं नाव टाईप केलं आणि थांबली.

"हे मधलं नाव पुरुषाचं आहे ना?"

"वडिलांचं आहे," ही म्हणाली.

"पण मुलीला?"

"मुलीला आणि मुलालाही. आमच्यात बापाचं नाव मधे लावतात. पुढे शाळेत, नोकरीत तिच्या नावाबरोबर तेच राहणार. म्हणून आत्ताच नीट घाला, नंतर दुरुस्तीला हेलपाटे नकोत."

बोगद्यातला माणूस शेजारी नुसता मान हलवत उभा होता. कारकून बाईने नाक पुसलं, नाव घातलं, कॉम्प्युटरचा पडदा वळवून हिला दाखवला. हिने एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. कारकून बाईला बहुधा ते आवडलं. ती पहिल्यांदाच हसली.

"आजी ना तुम्ही?"

खरी आजी हिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, बाळाचं टोपरं कानावर ओढत. तिला यातला एक शब्द कळला नव्हता. वरची पिशवीत काहीतरी शोधत होती. नवरा सही करत होता.

"हो," माझी बायको म्हणाली.

"पहिलीच नात?"

"पहिलीच."

कारकून बाई अभिनंदन म्हणाली. त्या बाईंनी हळूच विचारलं, "काय म्हणाली हो ताई ती?"

"काही नाही. बाळ गोड आहे म्हणाली."

"आहेच मुळी," त्या म्हणाल्या, आणि काचेकडे बघून आनंदाने मान हलवली. काचेमागून कारकून बाईनेही मान हलवली, बरोबर आलेल्या लांबच्या नातेवाइकाकडे बघून हलवावी तशी.

मी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झाले होते. आम्हा दोघांशिवाय तिथे हे कोणालाच कळलं नव्हतं आणि मी ते कोणाला सांगणारही नव्हतो. कारकून बाईची नजर आता माझ्यावर आली. ती मलाही विचारणार असं वाटून मी ताठ उभा राहिलो. उत्तर तयार होतं.

तिने पुढचा नंबर पुकारला.