बुटकीचा जामीन

येन्नायरच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी कद्दूर कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. नवं वर्ष लागलं की आमच्या गावात जो तो बागेसाठी संकल्प सोडतो. कद्दूरचे संकल्प तर पूर्वी इतके लांबायचे की ते संपेपर्यंत त्याच्या बायकोचं, तलियाचं, अर्धं कुसकुस वळून व्हायचं. डाळिंबं लावणार, पश्चिमेचं कुंपण उंच करणार, खजुरीचे चार नवे फुटवे लावणार! मग भुयारी पाटाचं पाणी आटत गेलं, तसे संकल्पही आटले. पाटकरी दरसाल आपला भोकं पाडलेला तांब्याचा पत्रा लावून पाणी मोजून जायचा. चार बोटं, तीन बोटं, दोन बोटं. यंदा म्हणाला, "एक बोट, कद्दूर. तेही करंगळी समज."

एकोणीस खजुरींपैकी चार उरल्या होत्या आणि करंगळीवर तीनच जगतात. म्हणून यंदा संकल्प एकच होता. चौथी तोडायची.

चौथी म्हणजे बुटकी. हिचा फुटवा शेजारच्या मूलूदने आपल्या बागेतून दिलेला. उंची बेताची, घड मात्र असे धरायची की माणसाला वाकून खजूर खाता यावा. पण गेली तीन वर्षं तिला फुलोराच नव्हता.

न फळणाऱ्या झाडाला येन्नायरला कुऱ्हाड दाखवतात. मालकाने ओरडायचं, "तोडतो तुला!" शेजाऱ्याने धावत येऊन हात धरायचा, "नको, यंदा फळेल, मी जामीन!" मालकाने विचारायचं, "कशाच्या जोरावर?" शेजाऱ्याने काहीतरी पणाला लावायचं आणि झाडाने घाबरून फळायचं. मूलूद तीन वर्षं बुटकीला जामीन राहिला होता. पहिल्यांदा मिशांच्या जोरावर, मग गाढवाच्या जोरावर, गेल्या साली बायकोच्या जिभेच्या जोरावर. "ती काही आटायची नाही," तो म्हणाला होता. सगळी आळी हसली. बुटकी तेवढी हसली नाही.

एक गोष्ट मात्र आहे. जामीन मिळाल्याशिवाय उगारलेली कुऱ्हाड खाली ठेवायची नाही. बाकीची झाडं बघत असतात. मालकाची धमकी पोकळ आहे हे एकदा त्यांना कळलं की बाग हाताबाहेर गेलीच म्हणायची.

आणि मूलूद उन्हाळ्यापासून बोलत नव्हता. पाटाचं पाणी दगडी फणीच्या खाचांतून बागाबागांना वाटलं जातं. कद्दूरच्या खाचेचं पाणी एका आठवड्यात निम्म्यावर आलं, तेव्हा मशिदीच्या पायरीवर, चार माणसांदेखत, कद्दूर त्याला म्हणाला होता, "पाटाच्या फणीत माझ्या खाचेला चिंधी कोंबलीस तू. पाणीचोर!" मूलूद तसाच पाठ फिरवून घरी गेला.

"पुरे की धार, म्हाताऱ्या," तलिया म्हणाली. "तिची दाढी करायचीय का?"

कद्दूर बुटकीपुढे जाऊन उभा राहिला. तोडायचं हे ठरलेलं होतं. तरी त्याचं तोंड बुटकीकडे कमी आणि मूलूदच्या भिंतीकडे जास्त होतं.

"बुटके, तोडतो तुला!"

वारा तेवढा हलला.

"तोडतो हं! तुला जामीन राहणारं कुणी उरलेलं नाही!"

"ओरडू नकोस," तलिया म्हणाली. "ती बहिरी नाही. भिंतीपलीकडचाही नाही."

पलीकडे कुणीतरी खोकलं. कद्दूर थांबला. खोकला थांबला. कुणी आलं नाही. खांद्यावरची कुऱ्हाड जड होऊ लागली, उरलेली तिन्ही झाडं बघत होती. त्याने डोळे मिटून घाव घातला. पातं खोडात रुतलं आणि निघेना.

तेव्हा भिंतीच्या खिंडारातून मूलूद आत आला. त्याने पाय लावून कुऱ्हाड उपसली, पण हात काही धरला नाही.

"म्हण ना," कद्दूर म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "जामीन म्हण. भांडण नंतर कर."

"कशाच्या जोरावर म्हणू? मिशा पिकल्या. गाढव विकलं. बायको लेकीकडे गेली, तिच्या जिभेसकट." मूलूदने त्याचा दंड धरला. "चल, माझी खाच बघ."

पाटाच्या दगडी फणीत मूलूदची खाच कोरडी ठणठणीत होती. कोळ्याने तिथे जाळं विणलं होतं आणि त्यात माशीसुद्धा नव्हती.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. तुझं निम्मं झालं त्याच आठवड्यात माझं संपलं. चिंधी कुणी कोंबली नाही रे. पाणीच गेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? म्हटलं, चोर तर चोर. चोराकडे निदान पाणी आहे असं लोकांना वाटतं."

माफी मागायची सोडून कद्दूरने खाचेतलं जाळं बोटाने काढून टाकलं. बागेत परत आल्यावर त्याने कुऱ्हाड मूलूदच्या हातात दिली आणि स्वतः बुटकीला पाठ लावून उभा राहिला. "फुटवा तुझा, म्हणजे हिची आई तुझ्या बागेतली, मालक तूच. तू धमकी दे. मी जामीन राहतो."

"वेड लागलंय तुला."

"ओरड!"

मूलूदने कुऱ्हाड उचलली. "तोडतो तुला," तो म्हणाला, पण ते शेजाऱ्याचं पोर दटावल्यासारखं वाटलं.

"नको तोडू. यंदा फळेल. मी जामीन."

"कशाच्या जोरावर?"

आजवर या प्रश्नावर सगळे हसत आले होते. कद्दूरने पाटाचं पाणी साठायच्या हौदाकडे पाहिलं. तळाला हिरवट ओल होती. तीन खजुरी आणि तलियाच्या गाजरांचा एक वाफा, एवढ्यालाच पाणी पुरणार होतं.

"गाजरांच्या जोरावर," तलिया म्हणाली. "सांग त्याला. माझी आहेत, मी देते."

"अगं, पण आपण वर्षभर खायचं काय?"

"ते तू संकल्पात घालायला हवं होतंस."

ती वाफ्यात बसली आणि गाजरं उपटू लागली. महिना दीड महिना आणखी मिळता तर ती भरली असती. आता बोटाबोटाएवढी होती. तिने ओचा भरला, मग उठून खोऱ्याने वाफ्याकडे जाणाऱ्या पाण्याचं दार मातीने बांधलं आणि बुटकीकडचं फोडलं.

मूलूदने कुऱ्हाड खाली ठेवली. दोघांनी जखमेला ओला चिखल थापला आणि पाण्याची वाट बघत आळ्याशी उकिडवे बसले. करंगळीएवढी धार आली, वळली, आणि आळ्याला पोचायच्या दोन हात अलीकडे वाळूने पिऊन टाकली. धार वाळूला न लागता पुढे जावी म्हणून मूलूदने खाली ओंजळ लावली. त्या ओंजळीपुढे कद्दूरने आपली लावली.

"कुसकुस गार होतंय," तलियाने हाक मारली. "मूलूद, तुझंही वाढलंय."

कुणी उठलं नाही.