चार दिवस आधीची गाडी

मॅलकी गिलहीनीनं आयुष्यात एकदाच नवी कोरी गाडी घेतली, आणि ती घेताना त्यानं माझा सल्ला विचारला. त्यानं तो विचारला नसता तर मी हे लिहायला बसलो नसतो. मला लिहिता येतं असंही नाही.

मी जिल्ह्याच्या गावी मोटार कराच्या खिडकीमागे बसत असे. एकतीस वर्षं बसलो. स्वतः गाडी कधी घेतली नाही; घरापासून कचेरी चालत सात मिनिटं. मॅलकी डोंगरावर राहायचा, इथून तीस किलोमीटर. पेशानं गवंडी, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शाळेत असताना ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर घेऊन पलीकडे न्यायचा.

आमच्याकडे गाडीच्या नंबरातच साल असतं. त्यामुळे डिसेंबरात कोणी नवी गाडी घेत नाही. चार दिवसांत ती ‘गेल्या वर्षीची’ दिसणार, आणि चर्चच्या आवारात रविवारी सगळे आधी नंबर पाहणार, मग तुमचं तोंड. मॅलकीला या गोष्टीची चीड होती.

२००७ चा नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. तो माझ्या घरी आला.

“फर्गल, तो विक्रेता म्हणतो, चार दिवस थांब, आठचा नंबर मिळेल. मी म्हटलं, नंबर काय गाडी ओढतो? तर म्हणाला, उद्या नेलीस तर हजार युरो कमी करतो.”

“मग ने की.”

“पण कराचं काय? बातम्यांत सांगत होते, आता धुरावर कर बसणार म्हणून.”

“तो जुलैपासूनच्या गाड्यांना. तुला डिसेंबर काय नि जानेवारी काय, दोन्हीकडे जुनाच, इंजिनच्या मापाचा. हजार कशाला सोडतोस?”

मला तेवढंच ठाऊक होतं. तरी ‘मला नक्की माहीत नाही’ असं म्हणता आलं असतं. खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला हे वाक्य लवकर सुचत नाही.

अठ्ठावीस डिसेंबरला त्यानं गाडी नेली. गडद हिरवी, एकोणीसशे सीसीची डिझेल. त्याच्या शेजारच्या डर्मट मल्वीनं त्याच दुकानातून तीच गाडी जानेवारीत घेतली. फरक फक्त रंगाचा आणि नंबराचा. “जुन्या सालातली नवी नवरी,” असं म्हणून लोक मॅलकीला हसले. मॅलकीही हसला, हजार त्याच्या खिशात होते.

त्या वर्षी पुढे आमच्या कचेरीत पत्रक आलं. नवा कर जुलैपासूनच्या गाड्यांना, हे खरंच होतं. पण एक जानेवारीपासून जूनपर्यंत नोंदलेल्या गाड्यांनाही, मालकाला हवं असेल तर, नवा कर निवडता येणार होता. त्याआधीच्या गाडीला नाही. मी ते पत्रक तीनदा वाचलं. मग चहा करून आणला आणि चौथ्यांदा वाचलं.

मॅलकीला मी ते सांगितलं नाही. डर्मटनं सांगितलं, रविवारी चर्चच्या आवारात, सगळ्यांसमोर. “मॅलकी, तू सरकारचा लाडका रे. माझ्याकडून बिचारे अर्ध्याहून कमी घेतात.”

दुसऱ्या दिवशी मॅलकी खिडकीशी आला. रागावला नव्हता. नुसतं म्हणाला, “माझी गाडी त्याच्यापेक्षा जास्त धूर सोडते का?”

“नाही.”

“रस्ता जास्त झिजवते?”

“नाही.”

“मग?”

“नोंदणीची तारीख, मॅलकी.”

काम होतं तोवर त्यानं कर कुरकुर करत भरला. मग गुडघे गेले, भिंती बांधणं थांबलं, आणि त्याच सुमारास अट्रॅक्टाला, त्याच्या बायकोला, विसर पडायला लागला. दोनदा ती चूल पेटती ठेवून बाहेर पडली. शेवटी आमच्या गावातल्या वृद्धाश्रमात तिला ठेवावं लागलं. डोंगरावरून इकडे यायला बस नाही. मॅलकी रोज गाडीनं यायचा, तिच्या हातात हात घेऊन तासभर बसायचा, तिला जेवण भरवून परत जायचा. ती त्याला नावानं हाक मारायची. तेवढंच एक नाव तिच्याकडे उरलं होतं.

कर आता तो तीन-तीन महिन्यांचा भरू लागला. वर्षाचा एकदम भरला तर सहाशे त्र्याहत्तर युरो. तीन-तीन महिन्यांनी भरला तर तेच सातशे साठ होतात. मी त्याला काचेतून हे समजावलं.

“म्हणजे गरिबीवरही कर आहे,” तो म्हणाला. “ती किती सीसीची धरता तुम्ही?”

मागे उभे असलेले लोक हसले. मीही हसलो, देवा मला क्षमा कर.

त्यानं मंत्रालयाला पत्र लिहिलं. मी ते नीट करून दिलं. सोबत वार्षिक तपासणीचा कागद जोडला. दहा वर्षांची गाडी आणि धूर स्वच्छ, असं त्यावर छापलेलं होतं. उत्तर दोन ओळींचं आलं: तारीख पाहता सवलत देता येत नाही. गाडी विकून पुढच्या सालातली घ्यावी, तर हिला गिऱ्हाईक नाही. कराचा आकडा ऐकला की माणसं बॉनेटसुद्धा उघडत नव्हती.

मग एका ऑक्टोबरात त्यानं दुसरा कागद मागितला. गाडी काही महिने रस्त्यावर आणणार नाही असं आधीच लिहून दिलं, तर त्या महिन्यांचा कर लागत नाही.

“हिवाळ्याचे तीन महिने,” तो म्हणाला. “तेवढ्या पैशांत लाकूडफाटा तरी येईल.”

“आणि अट्रॅक्टा?”

“डर्मट रविवारी आणतो म्हणालाय.”

डर्मटनं दोन रविवार आणलं. तिसऱ्या रविवारी वाटेत तो म्हणे बोलला, “बस आरामात, हिचा कर परवडतो मला.” त्यानंतर मॅलकी त्याच्या गाडीत बसला नाही. बर्फातून चालत थोडाच येणार होता?

म्हणून कचेरी सुटली की मी अट्रॅक्टाकडे जाऊ लागलो. मनुकांचा ब्रेड लोणी लावून न्यायचो, तिला आवडतो. मॅलकी बसायचा त्याच खुर्चीत बसायचो. खोलीत दुसरी नव्हती. पहिले काही दिवस ती गप्प होती. डिसेंबरात एकदा तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “मॅलकी, उशीर केलास.”

मी ‘मी फर्गल’ म्हणायला हवं होतं. म्हटलं, “हो, जरा उशीर झाला.”

दर वेळी मला वाटायचं, आज सांगू. पण ती हसायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी मॅलकी पुढच्या तीन महिन्यांचा कर भरून, दाढी करून, कोट घालून आला. मी त्याच्याबरोबर गेलो. मी जायलाच नको होतं. त्यानं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“मॅलकी,” ती मला म्हणाली, “हा माणूस कोण आहे? त्याला सांग ना, खोली चुकलीय.”

तो तीन महिने रोज आला. रोज स्वतःचं नाव सांगितलं. काही दिवस ती घाबरून रडायची. मग नर्सनं त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की जरा कमी येत जा.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो खिडकीशी आला. गाडी रस्त्यावर न आणण्याचा तोच कागद त्यानं भरून आणला होता. महिन्यांची जागा तेवढी रिकामी होती.

“किती?” मी विचारलं.

“बारा. जास्त बसत नाहीत ना तुमच्या कागदात?”

“मॅलकी, कर मी भरतो. गाडी चालू ठेव.”

“तुझा सल्ला फुकट होता,” तो म्हणाला, “तो अजून फिटला नाही. पैसे नकोत.”

त्यानं बारा लिहिलं, सही केली आणि कागद काचेखालून आत सरकवला. मी शिक्का मारला. तो वळला, मग परत आला आणि मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून काचेला तोंड लावून बोलला.

“गुरुवारी केस कापणारी बाई येते. अट्रॅक्टाला कात्रीची भीती वाटते. तेव्हा तिथं थांब. तिचा उजवा हात धरायचा, डावा दुखतो.”

मी गुरुवारी अर्धी रजा टाकली.