निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही

चौथी शिकलेली बाई मेलबर्नला जाऊन बोलणार काय, याची काळजी लालबागच्या आमच्या चाळीत माझ्यापेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त. मला नव्हती. लग्न होऊन मालवणातून आले तेव्हा मुंबईची भाषा तरी कुठे येत होती? बाजारात कान उघडे ठेवले, आली.

तिकडेही तेच केलं. दुपारला ते ‘आर्व्हो’ म्हणतात. आभार मानायला नुसतं ‘ता’. जावयाने फोनवरून पाठ करून घेतलेलं इंग्रजी तिथे कोणी बोलतच नव्हतं.

तिकडे राहणाऱ्या माझ्या मुलीला नवी नोकरी लागली होती. ती आणि जावई संध्याकाळी घरी येणार, म्हणजे नातीला शाळेतून आणायला मीच. मला जमलं नाही तर तिची नोकरी सुटणार, एवढं सरळ होतं.

पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकावरच्या बाईंनी नात माझ्या हाती दिली. मी म्हटलं, “आय कमिंग,” आणि तिला घेऊन घरी आले. थोड्या वेळाने मुलीचा ऑफिसातून फोन.

“आई, तू बाईंना परत येते म्हणालीस?”

“मग निघताना काय म्हणू? जाते?”

“अगं, त्या अजून फाटकात उभ्या आहेत! म्हातारी वाट चुकली म्हणून घाबरल्यात.”

“जातो तो मेलेला माणूस. मी नाही म्हणायची.”

“नको म्हणूस. मी उद्या राजीनामा देते, बस हट्ट करत.”

राजीनामा ऐकून मी फोन ठेवला. पण ‘जाते’ म्हणणार नव्हतेच.

नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेले. गल्ल्यावरची मुलगी निघणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, “सी या लेटर.” परत तर कोणीच येत नव्हतं.

“ही सगळ्यांना पुन्हा कशाला बोलावते गं?”

“आजी, कोणी येत नाही. निघताना तसंच म्हणतात इथे.”

म्हणजे हे लोकही आपल्यातलेच. उगाच मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नातीचा हात धरला आणि फाटकावर खणखणीत म्हटलं, “सी या लेटर!”

बाईंनी क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं. मग हसल्या. “सी या, डार्ल!” ही त्यांची लाडाची हाक.

रस्ता ओलांडून मी मुलीला फोन लावला. “तुझ्या बाईंनी फाटक लावलं. तू तुझं काम कर.”