पान एकसष्टवरचा हल्लेखोर

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, ओमानमधल्या बरका गावी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर माझ्या बायकोच्या प्रबंधात चूक सापडली. पाचवं प्रकरण, पान एकसष्ट. प्रबंध भारतातल्या विद्यापीठात सादर करायची मुदत पुढच्या गुरुवारी संध्याकाळी संपत होती. ही तिसरी मुदतवाढ होती. चौथी मिळत नाही. मुदत टळली असती तर नोंदणी रद्द होऊन सात वर्षांचं काम तिथंच थांबलं असतं.

चूक मला सापडली. मला गणित येत नाही.

बायको रुस्ताकच्या एका कॉलेजात शिकवते. मी मस्कतच्या एका कंपनीत मजकूर तपासतो. त्याआधी चौदा वर्षं मुंबईत वृत्तपत्राच्या डेस्कवर होतो. बरका दोघांना मध्ये पडतं म्हणून आम्ही तिथं राहतो. डेस्कवर कोर्टाच्या नोटिसा तपासायची एक जुनी पद्धत होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. अर्थ लावत बसायचं नाही, दिसतं ते वाचायचं. तिचा प्रबंध आम्ही असाच वाचत होतो, शुक्रवारी सकाळी, मी मासळीबाजारातून परत आलो की.

"एक्स, वर्तुळातलं अधिक, वाय," मी वाचायचो.

"एक्सॉर म्हणतात रे त्याला."

"मला वर्तुळ दिसतंय."

"बरं बाबा, वर्तुळ. पुढे चल."

"बाबा, तू ना ब्रोकन जीपीएससारखा वाटतोस," आमची तेरा वर्षांची मुलगी सोफ्यावरून म्हणायची.

बायकोचा विषय हॅश फंक्शनची सुरक्षितता. कितीही लांब मजकूर घेऊन त्याचा ठरावीक लांबीचा ठसा काढायचा, आणि दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा कोणालाही शोधता येऊ नये. हा ठसा ती ब्लॉक सायफरमधून बनवते. ब्लॉक सायफर किल्ली वापरून मजकुराचा एक तुकडा ओळखू न येण्यासारखा करतं, आणि त्याच किल्लीने तो तुकडा परतही मिळतो. अडचण अशी की हॅशमध्ये गुप्त काहीच नसतं. हे तिनं मला पहिल्या वर्षी मेथी निवडताना सांगितलं होतं.

"किल्ली कुलपाशेजारीच टांगलेली आहे असं समज. कोणीही येऊन उलटं फिरवेल. म्हणून आत टाकलेला तुकडा बाहेर आलेल्या तुकड्यात परत मिसळायचा. आता उलटं फिरवायला आधी तोच तुकडा हातात हवा, जो शोधायला तू निघालायस."

"मग मी काय करू?"

"घरी जा. आणि ती काडी टाकू नकोस, कोवळी आहे."

तिच्या रचनेत ठसा दुप्पट लांब हवा, म्हणून सायफर दोनदा चालतं. पहिल्यांदा जो तुकडा आत जातो, त्यात ठरलेला बदल करून दुसऱ्यांदा टाकतात. ही रचना सुरक्षित आहे हे सिद्ध करताना ती एक हल्लेखोर कल्पिते. तो सायफरला प्रश्न विचारतो. किती प्रश्नांनंतर त्याला दोन सारखे ठसे हाती लागू शकतील, हे तिला मोजायचं असतं.

त्या शुक्रवारी पान एकसष्टवर मी वाचलं, की हल्लेखोर एक तुकडा आत टाकतो आणि बाहेर काय येतं ते विचारतो. मी थांबलो. पान चौदावर त्याला दोन्ही प्रश्नांची मुभा होती: हे आत टाकलं तर बाहेर काय येईल, आणि हे बाहेर आलं असेल तर आत काय होतं.

"पान चौदाला तो दोन्हीकडून विचारतो," मी म्हणालो. "इथं एकीकडूनच. कुठलं ठेवायचं?"

बातमीत वर मृत तीन आणि खाली चार असले की डेस्कवर विचारतात, तसंच मी विचारलं होतं.

तिचं बोट कागदावर तसंच राहिलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"सुरमई फ्रीजरमध्ये टाक," ती म्हणाली आणि पान घेऊन आत गेली.

बारा वाजता ती दारात आली. "मी उलटे प्रश्न मोजलेच नाहीत. पूर्ण प्रकरणात. पुढून विचारलं की जोडीतला दुसरा प्रश्न कुठला हे आधीच माहीत असतं, म्हणून दोन्ही उत्तरं मोजणीत येतात. मागून विचारलं की एकच येतं. दुसरं अधांतरी."

"म्हणजे रचना मोडली?"

"माहीत नाही. सिद्धता मोडली."

शनिवारी तिनं गाईडना फोन लावला. स्पीकर चालू होता. "अगं, आहे तसा पाठव," ते म्हणाले. "मुदत महत्त्वाची. व्हायव्हाला बघू काय ते."

"सर, पण मला कळलंय ना आता."

"परीक्षकांना कळलं तर बोल."

"गुरुवारपर्यंत बघते, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी ताटं घासताना ती मला म्हणाली, "तू वाचलं नसतंस तर बरं झालं असतं."

"हो."

"तसं नाही रे म्हणायचं मला."

"कळलं मला."

रविवारपासून मी पाच दिवस रजा घेतली. एरवी ती स्वतः गाडी चालवते. आता मी चालवत होतो आणि ती मागच्या सीटवर कागद पसरून बसत होती, म्हणजे जाताना तास आणि येताना तास मिळत होता. तिचे वर्ग संपेपर्यंत मी रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, किंवा गाडीत थांबायचो. रविवारी ती जाता-येता नुसती लिहीत आणि खोडत होती. सोमवारी परतताना तिनं दोन कागद फाडले आणि माझ्या बाजूच्या खिडकीची काच वर करायला सांगितली, तुकडे उडत होते.

मंगळवारी सकाळी रुस्ताकच्या अलीकडच्या राउंडअबाउटवर ती म्हणाली, "देऊन टाकते."

"काय?"

"दुसरं उत्तर. त्यानं मागून विचारलं, एक उत्तर मिळालं, की जोडीतलं दुसरं मीच देऊन टाकते. न मागता. त्याला जास्त मिळालं तरी तो जिंकत नसेल, तर कमी मिळाल्यावर कसा जिंकेल? गाडी थांबव."

मी एका खजुराच्या बागेच्या भिंतीपाशी गाडी थांबवली. तिनं बॉनेटवर कागद ठेवला; बॉनेट तापलेलं होतं म्हणून खाली माझी फाइल ठेवली. बावीस मिनिटं ती लिहीत होती. मी तिच्यावर सावली पडेल असा उभा राहिलो. कॉलेजातल्या सहकाऱ्याला तिनं फोन करून उशीर होईल सांगितलं. पलीकडून "खलास, खलास, नो प्रॉब्लेम" एवढं मला ऐकू आलं. खलास म्हणजे इथं 'झालं, ठीक आहे'.

प्रश्न आता दुप्पट धरावे लागत होते, त्यामुळे प्रबंधातला दावा एका बिटाने खाली आला, म्हणजे रचना जितक्या प्रश्नांपर्यंत टिकते तो आकडा निम्मा झाला. तिनं तो सारांशातही बदलला.

बुधवारी संध्याकाळी दुरुस्त प्रकरण पुन्हा वाचायचं होतं. "मी वाचते," मुलगी म्हणाली. "बाबा खूप स्लो आहे." तिनं पाचवं प्रकरण सुरुवातीपासून वाचलं, वर्तुळाला एक्सॉर म्हणत. बायकोचं बोट कागदावर होतं. पान चौदाशी ताडून बघायला मी दुसऱ्या प्रकरणाची प्रत समोर धरून बसलो होतो.

"आई, तुझा अटॅकर किती लकी आहे. त्याला सगळं फ्रीमध्ये देतेस. आणि मला आयपॅड देत नाहीस."

"तो तरी हरतोच शेवटी. तू वाच."

दोन ठिकाणी कंस राहिले होते. ते घातले.

गुरुवारी दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी तिनं प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवला. भारतात तेव्हा चार वीस झाले होते. मग तिनं गाईडना मेसेज करून काय बदललं ते तीन ओळींत कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "पाहिलं. बरोबर वाटतंय. आराम कर." ती बसल्या खुर्चीतच झोपली. मुलीनं लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवला.

पोच सोमवारी आली. तिच्यावर प्रबंधाचं शीर्षक, एकूण पानं आणि मिळाल्याची तारीख आहे. परीक्षकांचा अहवाल अजून आलेला नाही.