सांगितलेली जागा

आई अळंब्यांची जागा कुणाला सांगत नसे. मलाही नाही. श्रावणातल्या एखाद्या सकाळी ती दिंडोशीच्या आमच्या बिल्डिंगमधून पिशवी घेऊन निघायची, आणि तासाभराने परतायची तेव्हा पिशवीत अळूच्या पानात गुंडाळलेल्या वीस-पंचवीस अळंब्या असायच्या. श्रावण पाळणाऱ्या आमच्या घरात तेच मटण.

"कुठून आणतेस गं?" मी दरवर्षी विचारायचे.

"जागा सांगूक नाय गो. सांगितलंय तर फुडच्या वर्साक अळंबी येवची नाय."

गावाहून सोबत आणलेला हा कायदा. मी शिकून बुरशीवरच काम करायला लागले तरी त्यात सूट मिळाली नाही. उलट माझीच थट्टा व्हायची, की एवढी शिकलीस पण अळंबी खायला आईच लागते.

अंधेरीच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी काम करते. काचेच्या बशीत जड धातू मिसळायचे, त्यावर बुरशी लावायची आणि ती काय करते ते बघत बसायचं. आधी ती थबकते. कधी रंग बदलते. मेली म्हणून आपण बशी टाकायला जावं, तर कडेने हट्टाने वाढायला लागलेली असते. धातू ती आपल्या पेशींच्या भिंतीत बांधून ठेवते, आत शिरलाच तर प्रथिनांत अडकवून गप्प बसवते. मला तिचं फार कौतुक आहे. काही अळंब्या तर मातीतलं कॅडमियम ओढून स्वतःत साठवतात. हे मी कितीतरी मुलांना शिकवलं होतं. घरच्या कढईकडे बघून मात्र एकदाही आठवलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

तीन वर्षांपूर्वी अळंब्या निवडताना एकीच्या देठाच्या मातीत गंजलेला बोल्ट निघाला. मी तो हातात धरून बसले. माझे बाबा गोरेगावच्या एका गाळ्यात नट-बोल्टवर कॅडमियमचा मुलामा चढवायचे. गाळा कधीच बंद झाला होता, आणि बाबाही जाऊन सात वर्षं झाली होती. पोट बिघडल्याचं निमित्त करून मी त्या दिवशी अळंब्या शिजू दिल्या नाहीत. त्यातल्या दोन अळंब्या एका डब्यात घालून लॅबमध्ये नेल्या. मशीनवर कॅडमियमचा आकडा भलताच मोठा आला तेव्हा तो पुन्हा तपासला, आणि मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आईचा वर्षातला एक आनंद मी आता काढून घेणार होते.

घरी येऊन सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांका डबो घेवन जाय मी तेव्हा. गाळ्याच्या मागे. तेनींच दाखवलेली जागा."

मी तो बोल्ट पुन्हा हातात घेतला.

"मुलाम्याच्या टाकीतला पाणी पण बाबाच वतीत थंय," ती म्हणाली, आणि उठून तिने स्वच्छ कढई पुन्हा घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आधी तिच्या रक्त-लघवीची तपासणी केली. रिपोर्ट बरे आले, मला हायसं वाटलं. मग ती स्वतःच म्हणाली, "चल, दाखवतंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बंद गाळ्याच्या मागे पडकी भिंत, टाकळा माजलेला, आणि एका कोपऱ्यात पांढऱ्याशुभ्र अळंब्या. तिने एकेक उपटून पिशवीत भरली. "ही लॅबाक ने. दुसऱ्या कोणी खाऊक नको."

तेव्हापासून श्रावणात मी एकटीच जाते, कारण तिचे गुडघे आता चालू देत नाहीत. यंदाही पिशवी घेऊन परतले, तर ती दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"इली?"

"आली गं. पिशवीभर."

ती पिशवीकडे बघत राहिली. तिचा चेहरा एवढासा झाला.

"येव नये म्हणान तर तुका सांगितलंय," ती म्हणाली.