राखेखालचा विस्तव

अंघोळीच्या पाण्यासाठी मी मुरुडच्या घरी नवा बंब आणला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारा, हवेसाठी छोटा पंखा असलेला. आठवडाभर झकास चालला, मग रोज सकाळी नुसता धूर. गोळ्या खाऱ्या हवेने सादळल्या असतील म्हणून मी त्या सुक्या बोंबलांच्या हवाबंद डब्यात भरल्या, पंखा पुसला, विकणाऱ्याला फोनवर झापलं. तरी बंबाच्या तळाशी हवा यायच्या जाळीची भोकं रोज राखेने बुजलेलीच!

एका संध्याकाळी अंघोळी उरकल्यावर आई बंबापाशी वाकलेली दिसली. जन्मभर चुलीत केलं तसंच ती निखाऱ्यांवर राख ओढत होती.

"अगं, याला हवा लागते!" मी ओरडलो.

"घरातला विस्तव मरू द्यायचा न्हाय," ती म्हणाली.

शेवटी तिला एक मडकं दिलं. निखारे, नारळाच्या सालीचं सोडण, वर राख, सगळं त्यात. बंबाची जाळी मोकळी राहिली, धूर थांबला.

परवा सकाळी काडेपेटीच सादळली. एक काडी पेटेना. मी चरफडत बसलो. आईने मडक्यातली राख बाजूला सारली, फुंकर मारली आणि लालभडक निखारा चिमट्यात धरून म्हणाली, "आण तुझ्या गोळ्या."